पुराची आठवण आणि चौरस फुटाचा भाव

पुण्यात फ्लॅट बघायला जा. मेट्रो किती लांब, पार्किंग आहे का, नळाला पाणी किती वेळ येतं, सगळं सांगतात. नदीचं पाणी कुठवर येतं, हे मला अजून एकाही एजंटने आपणहून सांगितलेलं नाही. याच शहराने 1961 पाहिलंय, म्हणून याचं जास्त नवल वाटतं.

12 जुलै 1961. आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पूर्णही झालं नव्हतं; त्या सकाळी ते फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं, एकोणिसाव्या शतकातलं खडकवासला धरणही टिकलं नाही. नारायण, शनिवार, कसबा या पेठांत आणि डेक्कनच्या काठाला मुठा शिरली. माती-विटांचे वाडे भिजून खाली बसले. दोन्ही धरणं गेल्यावर नळ कोरडे पडले; लोक जुन्या विहिरींकडे वळले.

गोष्ट सहसा इथेच थांबते. मला पुढचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. वाड्यांमध्ये कितीतरी बिऱ्हाडं भाड्याची होती आणि 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती. वाडा पडल्यावर मालकाकडे निदान जमीन उरली. भाडेकरूचं मात्र गावातलं स्वस्त घरच गेलं. सरकारने गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी, टेकड्यांच्या पायथ्याशी पूरग्रस्तांना वसवलं. तेव्हा ते गावाबाहेर होतं. रस्ते, बस, दुकानं मागाहून आली. आज तिथे घर घेणं साध्या पगारदाराला झेपत नाही. म्हणजे पुराने माणसं हलवली आणि त्यांच्या मागोमाग जमिनीचे भावही हलले.

मग विसर पडला. सिंहगड रस्त्याला नदीकाठी सोसायट्या उभ्या राहिल्या, शहरभर ‘रिव्हर व्ह्यू’ ही जाहिरातीची ओळ झाली. 25 जुलै 2024ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि एकतानगरीतल्या इमारतींत पाणी शिरलं. या वेळी कुठलंही धरण फुटलं नव्हतं.

सरकारी नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून जीव निवांत होतो. पण त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांच्या गृहकर्जात ती साधारण 18 टक्के होते; निळ्या रेषेवरच्या घरासाठी 56 टक्के.

हा धोका भावात धरला नाही, तरी त्याचं बिल येतंच. लिफ्ट आणि मीटर बदलताना ते सोसायटी भरते, तळमजल्यावरचा दुकानदार भिजलेल्या मालातून भरतो, पंचनामे आणि मदतीतून आपण सगळेच भरतो. पूर ओसरला तरी हप्ता थांबत नाही.

म्हणून टोकन देण्याआधी एजंटकडे पूररेषेचा नकाशा मागा. शिवाय समोरच्या जुन्या किराणा दुकानात विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं.