सहस्रचंद्रदर्शन नेमकं कधी करायचं? समजून घ्या १,००० पौर्णिमांचं गणित

आजी-आजोबांनी ऐंशी गाठली की घरात सहस्रचंद्रदर्शनाचा बेत सुरू होतो. आयुष्यात १,००० पौर्णिमा पाहिल्या, असा त्याचा अर्थ.

मग ८३ वर्षं का नाही?
वर्षाला १२ पौर्णिमा धरल्या, तर १,००० पौर्णिमांना ८३ वर्षं ४ महिने लागतील. पण दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवसांचंच अंतर असतं. त्यामुळे १२ चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात आणि दरवर्षी ११ दिवस उरतात. हेच दिवस साठून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि एक पौर्णिमा वाढते.

हजारावी पौर्णिमा कधी?
८०व्या वाढदिवसापर्यंत साधारण ९९० पौर्णिमा होतात. हजारावी येते ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास, म्हणजे ८१वं वर्ष सरत असताना.

कार्यक्रमात काय असतं?
पूजा, होम, दिव्यांनी औक्षण. काही घरांत गूळ, धान्य किंवा पुस्तकांनी तुला करतात आणि ते दान देतात.

तारीख ठरवताना
वाढदिवसाचाच दिवस हवा, असं नाही. परदेशातली मुलं-नातवंडं डिसेंबरच्या सुट्टीत येणार असतील, तर कार्यक्रम तेव्हा ठेवता येतो. मात्र, उत्सवमूर्तींना तासन्‌तास बसणं आणि होमाचा धूर झेपेल का, हे आधी विचारा. विधी आटोपशीर असले, तर त्यांना सगळ्यांशी निवांत गप्पा मारायला वेळ मिळतो.