सिकलचं गणित आणि डोळ्यातला शंकू

मंडळी, चिंचपाड्यात, नवापूर तालुक्यात किंवा एकूणच नंदुरबार जिल्ह्यात 'आनुवंशिक आजार' असे दोन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात एकच नाव येतं, ते म्हणजे सिकल. तपासणी, कार्ड आणि लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडची कार्डं बघा हा सल्ला, हे सगळं आपल्याला माहीत आहे. त्यामागचं विज्ञानही स्वच्छ आहे. १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी दाखवलं की हीमोग्लोबिनच्या साखळीत एकच दुवा बदलतो आणि त्यातून सिकलचं हीमोग्लोबिन तयार होतं. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. शाळेतल्या फळ्यावर मांडता येईल इतकं सोपं हे गणित.

आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्याला हे गणित लागू पडत नाही. तरी लोक ते लावतात, आणि त्याचे परिणाम घराघरांत भोगावे लागतात. म्हणून आम्ही सुरुवात सिकलपासून केली.

आजाराचं नाव केरॅटोकोनस. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. केरॅटोकोनसमध्ये तो आणखी पातळ होतो आणि पुढे शंकूसारखा फुगतो. सुरुवात बहुधा वयात येताना होते. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, अक्षरांना सावली येते, दिव्याभोवती फाटे दिसतात. पुढे पुढे चष्मा लावूनही नीट दिसत नाही. फळ्यावरचं वाचता येत नाही म्हणून असा मुलगा वर्गात 'ढ' ठरतो. ही ठरवाठरवी आम्ही अध्यापनाच्या व्यवसायात इतकी पाहिली आहे की तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

युरोपात अठराव्या शतकापासून या आजाराच्या नोंदी सापडतात, पण त्याचं पहिलं नीटस वर्णन १८५४ सालचं, लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांचं. डोळ्याच्या आत पाहण्याचं हेल्महोल्ट्झ यांचं उपकरण तेव्हा तीनच वर्षांचं होतं. मग १८८० साली पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी पांढऱ्या-काळ्या वर्तुळांची तबकडी काढली. ती डोळ्यासमोर धरायची आणि कॉर्नियावर वर्तुळं कशी उमटतात ते पाहायचं. कॉर्निया नीट असेल तर गोल गोल, शंकू झाला असेल तर वेडीवाकडी. आजची संगणकावरची टोपोग्राफी म्हणजे त्या तबकडीची नातवंडं. १८८८ मध्ये फिक यांनी काचेची कॉन्टॅक्ट लेन्स केली, तीही असे डोळे डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे उपाय शोधणं चालू होतं. कारणाबद्दल मात्र बराच काळ अंदाजच.

आता महाराष्ट्रात येऊ. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या लोकांचे डोळे तपासले. त्यातले केरॅटोकोनसचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ४,६६७ लोक, आणि प्रमाण २.३ टक्के. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये १९८६ साली दिलेला आकडा होता लाखात सुमारे ५४. म्हणजे आपल्याकडे चाळीसपट? आकडा वाचून कोणीही दचकेल.

पण इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी जागा होतो, आणि आधी व्याख्या मागतो. त्या पाहणीत कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असेल, तर केरॅटोकोनस धरला होता. ही रेघ ४९ वर ओढली तर प्रमाण ०.६ टक्क्यांवर येतं, ५० वर ओढली तर ०.१ टक्क्यावर. हे संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे, आणि तो त्यांचा प्रामाणिकपणा. गावं तीच, डोळे तेच. रेघ दोन घरं सरकली आणि आजारी माणसं वीसपट कमी झाली! शिवाय आजाराचं कमी उंचीशी नातं दिसलं. ठेंगण्या माणसाचा डोळा थोडा लहान असतो आणि लहान डोळ्याचा कॉर्निया मुळातच जास्त वक्र असतो. मग आपण आजार मोजला की लहान डोळे? मिनेसोटाच्या पाहणीत दवाखान्यात आलेले रुग्ण मोजले होते, इथे घरोघरची माणसं. दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. आमच्या मते विदर्भाच्या या पाहणीचं मोल २.३ या आकड्यात नाही. आजाराची व्याख्याच आकड्याला कशी घडवते, ते तिने उघड केलं, यात आहे.

म्हणून वंशाचा मुद्दा खोटा ठरतो का? नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराची पाहणी २००० साली आली. तिथल्या दक्षिण आशियाई लोकांत दरवर्षी लाखात १९.६ नवे रुग्ण, गोऱ्यांत ४.५. शहर एक, डॉक्टर एक, व्याख्या एक. लेस्टरच्या 'एशियन' लोकांत मोठा भरणा गुजराती मंडळींचा. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट ज्या गुजरातेत आहे, त्याच गुजरातेतले. २००४ साली यॉर्कशरमध्येही असाच, किंबहुना जास्त मोठा फरक दिसला, आणि तिथल्या संशोधकांनी बोट ठेवलं चुलत-मावस भावंडांतल्या लग्नांवर.

नात्यातली लग्नं आपल्याला परकी नाहीत. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत होती, अजूनही आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटलं, ते अशाच चालींमुळे. उत्तरेत असं लग्न निषिद्ध, दक्षिणेत पसंतीचं, आणि आपण मध्ये. अशा लग्नात आजार हमखास येतो असं मुळीच नाही. एकाच पूर्वजाकडून आलेली तीच खोट दोन्ही बाजूंनी मुलापर्यंत पोचण्याची शक्यता तेवढी वाढते.

आता जीन. २००२ मध्ये व्हीएसएक्स-१ नावाच्या जीनवर ठपका आला आणि 'केरॅटोकोनसचा जीन सापडला' असं वाटू लागलं. पुढे अनेक देशांतल्या रुग्णांत त्यात काही सापडेना. नंतर इतर नावं आली. शेवटी २०२१ मध्ये ४,६६९ रुग्णांचे आणि लाखाहून जास्त निरोगी माणसांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, आणि जोखमीशी जोडलेल्या ३६ जागा मिळाल्या. एक नाही, छत्तीस! बऱ्याच जागांचा संबंध कोलॅजेनशी, म्हणजे कॉर्नियाला ताण सहन करायला लावणाऱ्या धाग्यांशी. प्रत्येक जागेचा वाटा लहान. त्यातही ही माणसं मुख्यतः युरोपीय वंशाची, त्यामुळे ही छत्तिसाची यादी आपल्यासाठी जशीच्या तशी खरी मानू नये.

इथे 'कारण' आणि 'जोखीम' यांत फरक करावा लागतो. सिकलमध्ये जीन हे कारण आहे. केरॅटोकोनसमध्ये जीन जमीन भुसभुशीत करतात. घर खचायला आणखी काहीतरी लागतं. ते 'आणखी काहीतरी' बहुतेक वेळा साधं असतं : डोळे चोळणं. धूळ, ॲलर्जी, खाज, आणि हाताच्या मुठीने करकचून चोळणं. काही तज्ज्ञ तर चोळण्यालाच मूळ कारण मानतात. आम्हाला ते टोकाचं वाटतं, पण चोळणं थांबवा हा सल्ला दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आता लग्नाचा प्रश्न. थोरल्याच्या डोळ्यात शंकू निघाला की घरचे पहिली गोष्ट करतात ती लपवण्याची, कारण धाकट्या बहिणीचं जमायचं असतं. सिकलचं गणित इथे नकळत वापरलं जातं. अमेरिकेत २००० साली रुग्णांचे आईवडील, भावंडं आणि मुलं तपासली, तेव्हा आजार आढळला तो सुमारे ३.३ टक्के जणांत. सर्वसाधारण माणसापेक्षा हे कितीतरी पट जास्त, हे खरं. पण शंभरातल्या शहाण्णव-सत्त्याण्णव जवळच्या नातेवाइकांना तो नव्हता. या आकड्यावर कोणाचं स्थळ मोडावं असं काही नाही. धाकटीचे डोळे तपासून घ्यावेत असं मात्र नक्कीच आहे. कारण २००३ साली ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी एक उपचार जगापुढे मांडला : रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि त्यावर अतिनील किरण. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. कॉर्नियाचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि फुगणं बहुतेकदा थांबतं. गेलेली नजर त्याने परत येत नाही. आहे ती राहते. म्हणजे चौदाव्या वर्षी कळलं तर बरंच वाचतं, पंचविसाव्या वर्षी कळलं तर कदाचित कॉर्निया बदलण्याचीच वेळ येते. लपवण्यात जी वर्षं जातात, ती नेमकी हीच.

तेव्हा इथे बसलेल्या शिक्षकांना आणि आशाताईंना आमची एकच विनंती. अशा घरात गेलात तर 'तुमच्यात नात्यात लग्न झालंय का' हा प्रश्न आधी विचारू नका. त्याने दार बंद होतं. विचारा, घरात आणखी कोणी सारखे डोळे चोळतं का, आणि कोणाचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो का.