वहीतले पूर्वज

शहादे-तळोदे भागातल्या गुजर घरांत बसले, की ‘आमचे मूळ गुजरातचे’ हे वाक्य चहाच्या आधी येते. घरातली गुजरी बोली त्याला साक्षही देते. पण कोणत्या गावचे, केव्हा आलात, असे विचारले की बोलणे थांबते.

आडनावाच्या वाटेने जाण्यात अर्थ नाही. पाटील हा हुद्दा. ज्याच्याकडे पाटीलकी आली त्याला तो चिकटला, मग कूळ कोणतेही असो. तेव्हा कूळ विचारावे आणि वह्या शोधाव्यात. एक वहीवंच्या भाटाची, दुसरी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांची. भाट यजमानाचा मान राखून लिहितो. उपाध्यायांकडे आलेला मनुष्य आपले, बापाचे, आज्याचे नाव नि गाव सांगून सही करतो. आमचा कल अर्थात दुसरीकडे.

१८०३ च्या सुमाराचा दुष्काळ आणि त्या वेळची धामधूम यांत खानदेशातली गावेच्या गावे ओस पडली. १८१८ नंतर, इंग्रजी अमलात, ती हळूहळू पुन्हा वसली. इथे वंशावळ अखंड दिसली, तर आम्ही आधी शंका घेतो.

‘पहिले वसाहतकार आम्हीच’ हेही जपून म्हणावे. प्रकाशे येथे १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. त्या माणसांचे कूळ कोण सांगणार? आणि भिल्लांची कुळे तर या वह्यांत नाहीतच. एका वाड्यात आम्ही वही उलगडून बसलो होतो. ओट्यावरच्या म्हाताऱ्या भिल्ल सालदाराने न विचारता आपल्या पाच पिढ्या सांगितल्या. लिहून घ्यायला आमच्याकडे कोरा कागद नव्हता.