डोंगरवाटांवरील सायकलिंग : मेढा व जावळीचे खोरे
बांधीव रस्ता सोडून पायवाटा, गाडीवाटा, जंगलवाटा, खडकाळ उतार व पठारे यांवरून सायकल चालविण्याचा साहसी क्रीडाप्रकार. सपाट रस्त्यावरील शर्यतीत वेग महत्त्वाचा असतो. डोंगरवाटेवर तोल, ब्रेकवरील ताबा, वाटेची पारख आणि वाहन उचलून चालण्याची तयारी यांना अधिक मोल असते. एकट्याने व अनोळखी उंच वाटेने केलेली सफर हा या प्रकारातील सर्वांत कठीण भाग समजला जातो. सातारा जिल्ह्यातील मेढा (जावळी तालुक्याचे ठाणे) व त्याभोवतालचा वेण्णा नदीचा परिसर हे या दृष्टीने महाराष्ट्रातील एक लक्षणीय क्षेत्र होय.

सायकल डोंगरात नेण्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली दोन समान चाकांची ‘सुरक्षित’ सायकल तयार केली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या धावेचा प्रसार सुरू केला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच अमेरिकेच्या २५ व्या पायदळातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीने लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या नेतृत्वाखाली रॉकी पर्वतातील कच्च्या वाटांवर सायकलीची चाचणी घेतली. १८९७ मध्ये या तुकडीने मिझूला ते सेंट लूइस हे सु. ३,००० किमी. अंतर ४१ दिवसांत पार केले. चिखल, बर्फ व नदीचे उतार यांमुळे सैनिकांना अनेकदा सायकली ढकलाव्या वा खांद्यावर घ्याव्या लागल्या. सैन्याने पुढे ही कल्पना सोडून दिली, तरी सायकल कोठवर जाऊ शकते याचा तो पहिला मोठा पुरावा ठरला. ब्रिटनमध्ये १९५५ साली खडबडीत वाटांवरून हिंडणाऱ्या हौशी सायकलस्वारांनी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ ही संस्था काढली.

आजच्या स्वरूपातील खेळाचा उगम मात्र कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरांच्या, मजबूत सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली येत. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये फेअरफॅक्सजवळ सुरू झालेल्या शर्यतींना ‘रीपॅक’ असे नाव पडले. सु. सव्वातीन किमी. च्या त्या उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की, त्यातील वंगण जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे; नाव त्यावरूनच आले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली व टॉम रिची यांनी पुढील तीन-चार वर्षांत या कामासाठी मुद्दाम सांगाडे बनविले आणि १९८१ पासून अशा सायकली कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे भरली व १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट झाला. सुरुवातीच्या नियमांनुसार शर्यतीत बिघाड झाल्यास स्पर्धकाला तो बाहेरच्या मदतीशिवाय स्वतःच दुरुस्त करावा लागे. या खेळाचा मूळ पिंड या नियमातून चांगला दिसतो.

भारतातील दीर्घ सायकल-प्रवासांची परंपरा मुंबईपासून सुरू होते. १९२३ मध्ये आदी हकीम, जल बापासोला, रुस्तम भुमगारा व त्यांचे सहकारी मुंबईहून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी या तिघांनी १९२८ मध्ये तो पुरा केला. १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हे एकटेच निघाले. पुढे व्हिएन्नात त्यांना सोबती मिळाला आणि दोघांनी सहारा वाळवंट व अँडीज पर्वत ओलांडले. त्या काळी गिअर, हलके धातू किंवा खात्रीचे नकाशे यांपैकी फारसे काही हाताशी नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासांचे मोल कळते. आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी हिने १९६३ मध्ये आयर्लंडहून दिल्लीपर्यंत एकटीने सायकलप्रवास केला. वाटेत ४,१०० मी. हून उंच अशी बाबूसर खिंड तिने हिमातून सायकल ओढत-उचलत पार केली. अलीकडे पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सु. २९,००० किमी. ची पृथ्वीप्रदक्षिणा मुख्यतः एकटीनेच केली.

हिमालय व सह्याद्री यांत उंचीचा अर्थ वेगळा आहे. मनाली–लेह मार्गावरील तांगलांग खिंड ५,३०० मी. हून उंच असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास उतरतो. डोकेदुखी, मळमळ, श्वास लागणे ही उंचीच्या विकाराची लक्षणे साधारणतः २,५०० मी. च्या वर दिसू लागतात. तेथे एकट्या स्वाराचा खरा शत्रू म्हणजे मंदावलेली त्याची स्वतःचीच बुद्धी होय. महाबळेश्वरचा माथा जेमतेम १,४०० मी. आहे व तेथील दाब समुद्रसपाटीच्या सु. ८५ टक्के असतो. विरळ हवेचे भय येथे नाही. येथील धोका वाटेतच दडलेला आहे.

वेण्णा नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून मेढ्यावरून साताऱ्याकडे जाते व माहुलीस कृष्णेला मिळते. साताऱ्याहून मेढा, केळघर व पुढे घाटाने महाबळेश्वर असा रस्ता या खोऱ्यातून चढतो. खोऱ्याच्या दक्षिणेस व पश्चिमेस उभ्या असलेल्या डोंगररांगेवर कासचे जांभ्याचे पठार पसरले असून मेढ्याहून कुसुंबीमार्गे तेथे चढता येते. कासपासून महाबळेश्वरकडे धारेवरून जाणारी जुनी वाट ‘राजमार्ग’ म्हणून परिचित आहे. तिच्या एका हातास वेण्णेचे खोरे, तर दुसऱ्या हातास कोयनेचा शिवसागर जलाशय खोल खाली दिसतो. सायकलस्वारास रस्त्याचा चढ, मुरमाची वाट व उघडा सडा हे तिन्ही प्रकार एकाच दिवसात येथे भेटतात.

अनोळखी वाटेचे मोल या मुलखाने इतिहासात फार पूर्वी वसूल केलेले आहे. (ऐतिहासिक जावळी हे गाव महाबळेश्वरच्या पश्चिमेस कोयनेच्या खोऱ्यात आहे, तालुक्याचे नाव जावळी व ठाणे मेढा, यामुळे अनेकांचा घोटाळा होतो.) १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेल्यावर त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली, ती केवळ मराठ्यांच्या हल्ल्यामुळे नव्हे. रानात कोणती वाट कोठे जाते हे त्या सैन्याला ठाऊक नव्हते. खानाचा मुलगा फाजलखान निसटला, तो वाट जाणणाऱ्या स्थानिकांच्या मदतीने.

इंग्रज अधिकारी लॉडविक हा १८२४ मध्ये साताऱ्याहून महाबळेश्वरच्या रानात शिरून एका कड्याच्या टोकापर्यंत पोहोचला. ते टोक आज लॉडविक पॉइंट म्हणून ओळखले जाते. पुढे रेसिडेंट ब्रिग्ज याच्या आग्रहावरून छत्रपती प्रतापसिंहांनी साताऱ्याहून माथ्यापर्यंत गाडीरस्ता करविला आणि १८२९ च्या तहाने ते ठाणे इंग्रजांकडे गेले. लॉडविकचा उल्लेख बहुधा ‘शोध लावणारा’ असा होतो. तो तेथे जाणारा पहिला यूरोपीय होता, एवढेच खरे. कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र त्याआधी कित्येक शतके यात्रेकरूंच्या पायाखालचे होते आणि रानातल्या वाटा धनगर व कोळी यांना पाठ होत्या. ‘अनोळखी वाट’ हा शब्द वाटेबद्दल काहीच सांगत नाही. तो चालणाऱ्याबद्दल सांगतो. आजच्या सायकलस्वारालाही हे लागू आहे.

सह्याद्रीतील चकवा प्रामुख्याने ढोरवाटांचा असतो. गुरांच्या पायांनी पडलेली वाट मूळ पायवाटेहून रुंद व मळलेली दिसते. पण ती पाणवठ्यापाशी वा चराऊ कुरणात संपते आणि पुढे एकदम कडा लागतो. पायी चालणाऱ्याला चूक कळेपर्यंत थोडेच अंतर गेलेले असते. सायकलस्वार उतारावर पाच मिनिटांत इतका खाली येतो की, परत चढण्यास तासभर लागावा. म्हणून जाणकार स्वार अनोळखी उतारावर ब्रेक हाती ठेवून, वळणागणिक मागे पाहत जातात. परतताना वाट निराळी दिसते. जून ते सप्टेंबर या काळात महाबळेश्वरला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो. जांभ्यावर शेवाळ धरते, धुके दहा पावलांवरचे दिसू देत नाही. उलट उन्हाळ्यात सड्यावर सावली व पाणी दोन्ही नसते आणि घसाऱ्यावर चाक रुतण्याऐवजी सरकते. कारवीच्या दाट रानात गवा वा अस्वल समोर येण्याचा संभव असतो. भ्रमणध्वनीची खूण खोऱ्यात उतरताच जाते. नकाशा आधीच उतरवून घेतला नसेल, तर त्याचा उपयोग उरत नाही.

एकट्याने जाणाऱ्याजवळ पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, चेन जोडण्याची कडी, शिटी, विजेरी व पाणी असावे, हे कोणीही सांगेल. याहून महत्त्वाचे म्हणजे पायथ्याच्या गावात वाट विचारणे आणि आपण कोठून कोठे जाणार व केव्हा उतरणार हे कोणाला तरी सांगून ठेवणे. घोट्याचे साधे हाड मोडले, तरी एकट्याला सड्यावरून हलता येत नाही. अशा वेळी शोध घेणाऱ्यांना निदान कोणत्या सोंडेवर पाहावे हे कळले पाहिजे. महाबळेश्वर व परिसरातील गिर्यारोहकांची स्वयंसेवी पथके दरीतून जखमींना व मृतांना वर काढण्याचे काम करीत आली आहेत. जुलै २०१८ मधील आंबेनळी घाटातील बस-अपघाताच्या वेळी त्यांचे कार्य सर्वांना दिसले. अनेकदा एकाच्या धाडसाचा भार दोरीवर लोंबकळणाऱ्या दुसऱ्यांवर पडतो.

सड्याचा स्वतःचाही एक प्रश्न आहे. कास पठारावर मातीचा थर अत्यल्प, काही ठिकाणी बोटभरच असून त्यातच गेंद, सीतेची आसवे, कवला यांसारख्या वनस्पती पावसाळ्याअखेर फुलतात. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत २०१२ मध्ये कासचा समावेश झाला. ओल्या सड्यावरून गेलेल्या टायराची चाकोरी पुढे पाण्याचा ओहोळ बनते व माती वाहून नेते. त्यामुळे फुलांच्या हंगामात सायकल डांबरी रस्त्यावर वा रुळलेल्या वाटेवरच ठेवावी लागते. खेळाच्या दृष्टीने येथील उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी : वाटा कोरड्या, गवत पिवळे, हवा स्वच्छ, आणि मेढ्याच्या बाजूचा उतार सकाळी दहापर्यंत सावलीत.