रुग्णालयातील नैतिकता समिती : डॉक्टर व परिचारिकांना आधार

अतिदक्षता विभागातील रुग्ण बरा होण्याची आशा मावळलेली असते. एक मुलगा कृत्रिम श्वसनयंत्र काढण्याची विनंती करतो, दुसरा परदेशातून दूरध्वनीवरून त्यास नकार देतो आणि या वादाला तोंड द्यावे लागते ते रात्रपाळीवरील निवासी डॉक्टर व परिचारिकेला. अशा प्रसंगी उपचार करणाऱ्यांना सल्ला देण्यासाठी रुग्णालयात नैतिकता समिती असावी, हा विचार अनेक देशांत रुजला आहे. आपल्याकडे ‘एथिक्स कमिटी’ म्हटले की बहुधा औषधांच्या चाचण्यांना संमती देणारी समितीच डोळ्यांसमोर येते. त्या समितीची नोंदणी २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. रुग्णाच्या प्रत्यक्ष उपचारांतील पेच हाताळणारी समिती मात्र त्याहून वेगळी.

या कल्पनेला चालना मिळाली ती अमेरिकेतील कॅरेन ॲन क्विनलन प्रकरणामुळे. १९७५ मध्ये ही तरुणी दीर्घ बेशुद्धावस्थेत गेली. श्वसनयंत्र काढावे, ही पालकांची मागणी डॉक्टरांनी मान्य केली नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च १९७६ रोजी निकाल दिला. ती पुन्हा शुद्धीवर येण्याची वाजवी शक्यता नसल्याबद्दल उपचार करणारे डॉक्टर आणि रुग्णालयाची नैतिकता समिती यांचे एकमत झाल्यास यंत्र काढता येईल व संबंधितांपैकी कोणावरही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. (यंत्र काढल्यानंतरही ती १९८५ पर्यंत जगली.) रुग्ण बरा होईल किंवा नाही, हा खरे तर वैद्यकशास्त्राचा प्रश्न, तो नीतीच्या समितीकडे सोपवणे तितकेसे योग्य नव्हते. परंतु डॉक्टरने असा निर्णय एकट्याने घेऊ नये, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

समितीत सहसा निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, विधिज्ञ आणि रुग्णालयाबाहेरील एखादी सामान्य व्यक्ती असते. तिचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. उपचारांची जबाबदारी डॉक्टरांकडेच राहते. समिती सर्व बाजू ऐकून घेते, मतभेद नेमका कशावर आहे हे स्पष्ट करते आणि चर्चेची नोंद ठेवते. पुढे तक्रार उद्भवल्यास ही नोंद उपयोगी पडते. अनेकदा वाद तत्त्वाचा नसतोच. नातेवाईकांना कोणी नीट समजावून सांगितलेले नसते, एवढेच.

परिचारिकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. योग्य काय ते कळते, पण पदामुळे तसे वागता येत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असे नाव दिले. म्हणूनच वरिष्ठांच्या परवानगीवाचून परिचारिकेलाही समितीकडे जाता आले पाहिजे. ही मुभा नसेल, किंवा समितीचा वापर कर्मचाऱ्यांच्या चौकशीसाठी होऊ लागला, तर तिच्याकडे कोणी फिरकणार नाही.

परिचारिकांच्या मताचे मोल मुंबईच्या केईएम रुग्णालयाने देशाला दाखवले. १९७३ मधील हल्ल्यानंतर तेथे अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, शुश्रूषा केली. दयामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कर्मचाऱ्यांचे मत महत्त्वाचे मानले.

त्यानंतर ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला. मात्र आखून दिलेली प्रक्रिया फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता रुग्णालयाच्या प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर व किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. दुय्यम मंडळ त्यांच्या मताची शहानिशा करते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे.

ही मंडळे उपचार थांबवण्यापुरतीच आहेत. रुग्णाने रक्त घेण्यास नकार दिला, कर्करोगाचे निदान त्याच्यापासून लपवण्याची गळ नातेवाईकांनी घातली, किंवा अतिदक्षता विभागात खाट एक आणि रुग्ण दोन, असे झाले तर विचारायचे कोणाला? असे पेच रोजच पडतात. लहान शुश्रूषागृहांना स्वतःची समिती परवडणारी नाही. शेजारच्या चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक समिती नेमणे आणि तातडीच्या वेळी तिचा एक सदस्य दूरध्वनीवर उपलब्ध ठेवणे त्यांना शक्य आहे.