नव्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेताय? आधी मान्यता तपासा

थोडक्यात

• मान्यता फक्त महाविद्यालयाला नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक ठिकाणी, ठरावीक वर्षासाठी आणि ठरावीक जागांसाठी असते.
• "मान्यता प्रस्तावित" किंवा "प्रक्रिया सुरू आहे" म्हणजे मान्यता नव्हे.
• नॅकची श्रेणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.
• शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि शैक्षणिक कर्जावरील व्याज अनुदान सर्वसाधारणपणे मान्य अभ्यासक्रमालाच मिळते.
• शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र स्वतः पाहा. तो तुमचा हक्क आहे.

हे तुमच्यासाठी का महत्त्वाचे?

दरवर्षी निकालानंतर नव्या पदव्यांच्या जाहिराती येतात. नाव आकर्षक असते, इमारत नवी असते, "शिष्यवृत्ती मिळेल" असे तोंडी सांगितले जाते. घरातले पहिलेच मूल पदवीला जात असेल, तर कोणती कागदपत्रे विचारायची हे माहीत नसते. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना संकेतस्थळावरच्या यादीत अभ्यासक्रमाचे नाव दिसत नाही. तोपर्यंत शुल्काचा पहिला हप्ता गेलेला असतो आणि दुसरीकडचे प्रवेशही संपलेले असतात. अभ्यासक्रम मंजूर कसा होतो आणि ते कुठे तपासायचे, हे या लेखात दिले आहे.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे?

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी फक्त पुढील संस्था देऊ शकतात:

१. संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ. यात कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठेही येतात.
२. याच कायद्याच्या कलम ३ नुसार घोषित झालेले अभिमत विद्यापीठ.
३. पदवी देण्याचा अधिकार संसदेने कायद्याने दिलेली संस्था, उदाहरणार्थ आयआयटी किंवा एम्स.

महाविद्यालय स्वतः पदवी देत नाही. ते ज्या विद्यापीठाशी संलग्न असते, ते विद्यापीठ पदवी देते. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आखते आणि परीक्षा घेते, पण पदवी विद्यापीठाचीच असते.

पदवीचे नावही मनाप्रमाणे ठेवता येत नाही. आयोगाने कलम २२ खाली विनिर्दिष्ट केलेल्या पदव्यांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली आहे. यादीबाहेरच्या नावाची पदवी सुरू करायची असेल, तर विद्यापीठाला आयोगाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. असा अधिकार नसताना पदवी देणाऱ्या संस्थांची यादीही आयोग आपल्या संकेतस्थळावर "बनावट विद्यापीठे" या नावाने राज्यवार प्रसिद्ध करतो. प्रवेशापूर्वी ती एकदा पाहून घ्या.

नवा अभ्यासक्रम मंजूर कसा होतो?

राज्यानुसार तपशील बदलतो. सर्वसाधारण क्रम असा असतो:

१. आखणी: विषयाचे अभ्यासमंडळ अभ्यासक्रम तयार करते. चार वर्षांत काय शिकवायचे, किती श्रेयांक, परीक्षा कशी, हे तिथे ठरते. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात.

२. विद्यापीठाची मंजुरी: आराखडा विद्याशाखेकडून विद्यापरिषदेपुढे जातो. शैक्षणिक दर्जाबाबतचा निर्णय विद्यापरिषद घेते.

३. शासनाची परवानगी: महाराष्ट्रात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ लागू आहे. कुठल्या भागात कोणत्या शिक्षणाची गरज आहे, याचा बृहत् आराखडा विद्यापीठ तयार करते. नव्या महाविद्यालयाला आधी इरादापत्र आणि नंतर शासनाची अंतिम परवानगी घ्यावी लागते. सुरू असलेल्या महाविद्यालयालाही नवा अभ्यासक्रम किंवा नवी तुकडी स्वतःच्या निर्णयाने सुरू करता येत नाही.

४. नियामक परिषदेची मान्यता: व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर संबंधित परिषद शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, रुग्णालय अशा सोयी पाहते आणि जागांची संख्या ठरवते.

५. संलग्नीकरण: विद्यापीठ त्या महाविद्यालयाला त्या अभ्यासक्रमासाठी संलग्नीकरण देते.

यातील एक जरी पायरी राहिली असेल, तरी "आम्हाला मान्यता आहे" हे वाक्य अर्धेच खरे असते. इरादापत्र हाती आलेले महाविद्यालय प्रवेश देण्यास पात्र झालेले नसते.

कोणत्या अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता लागते?

• अभियांत्रिकी, व्यवस्थापन, संगणक उपयोजन: अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रमही तिच्या कक्षेत आले आहेत.
• एमबीबीएस: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग.
• फार्मसी: फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया.
• नर्सिंग: इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्याची नर्सिंग परिषद.
• विधी: बार कौन्सिल ऑफ इंडिया.
• बीएड आणि इतर शिक्षक शिक्षण: राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई.
• वास्तुकला: वास्तुकला परिषद.

साध्या बीए, बीकॉम, बीएस्सी पदवीला वेगळ्या परिषदेची मान्यता लागत नाही. तिथे शासनाची परवानगी आणि विद्यापीठाचे संलग्नीकरण पाहावे. महाराष्ट्रातील आरोग्यविषयक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात.

फार्मसी, नर्सिंग, विधी अशा क्षेत्रांत पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अभ्यासक्रमच मान्य नसेल, तर ही नोंदणी अडते आणि पदवी हातात असूनही व्यवसाय करता येत नाही.

मान्यता वेगळी, मानांकन वेगळे

मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी. मानांकन म्हणजे दर्जाची पारख.

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद, १९९४ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूरूला आहे. ती संपूर्ण संस्थेची पाहणी करते. ए++ पासून सी पर्यंतच्या श्रेणी मानांकित संस्थांना मिळतात. डी म्हणजे संस्था मानांकित नाही. श्रेणीला मुदत असते, म्हणून फलकावरच्या अक्षरासोबत मुदतीची तारीखही विचारा.

राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, संस्थेऐवजी एकेका अभ्यासक्रमाची पाहणी करते. एकाच महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीला एनबीए असू शकते आणि संगणक अभियांत्रिकीला नसू शकते.

नव्या अभ्यासक्रमाला एनबीए नसणे यात गैर काही नाही, कारण त्याची एकही तुकडी अजून बाहेर पडलेली नसते. मान्यता मात्र पहिल्या दिवसापासून असावीच लागते. उलट, महाविद्यालयाला नॅकची ए श्रेणी आहे म्हणून काल सुरू झालेला अभ्यासक्रम आपोआप मान्य ठरत नाही.

दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी

यासाठी आयोगाचे २०२० चे विनियम आहेत. विद्यापीठाला कोणता अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्याची परवानगी आहे, याची वर्षवार यादी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, वास्तुकला आणि भौतिकोपचार यांच्या पदव्या या पद्धतीने देता येत नाहीत. प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो. तो तुम्हीच काढा, दलालाकडून काढून घेऊ नका.

मान्यता नसली की काय होते: दोन निकाल

पहिला निकाल २००५ चा आहे. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याखाली अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे निघाली. अनेकांकडे पुरेशा इमारती किंवा शिक्षकही नव्हते. प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या आणि ही विद्यापीठे संपुष्टात आली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून अशा संस्थांना राज्यातील विद्यापीठांशी संलग्न करण्याबाबत न्यायालयाला सांगावे लागले.

दुसरा निकाल नोव्हेंबर २०१७ चा आहे. चार अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्या पदव्यांवर अनेकांनी नोकरी आणि पदोन्नती मिळवली होती.

या विद्यापीठांना अभिमत दर्जा होता. नव्हती ती त्या अभ्यासक्रमाची, त्या पद्धतीने शिकवण्याची मान्यता. म्हणून "विद्यापीठ खरे आहे ना?" एवढाच प्रश्न पुरत नाही.

योजनांचा लाभ आणि मान्यता

• मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: मान्य संस्थेतील मान्य अभ्यासक्रम ही मूळ अट आहे. तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी असाल आणि इंदूर, हैदराबाद किंवा सुरतला शिकत असाल, तर अनुसूचित जातींसाठीच्या योजनेत अर्ज आपल्या मूळ राज्याकडे करायचा असतो.
• महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल: संस्था आणि अभ्यासक्रम यादीत असल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.
• व्यवस्थापन कोटा: महाराष्ट्रात अनेक शुल्क प्रतिपूर्ती योजनांसाठी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास लाभ मिळत नाही.
• शैक्षणिक कर्ज: केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत वार्षिक ४.५ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थी येतात. त्यासाठी संस्थेला नॅक मानांकन किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मानांकन आहे का, हे पाहिले जाते. राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या तंत्रसंस्थांना वेगळी तरतूद आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक गुणवत्ताधारक संस्थांचीच यादी आहे. कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी बँकेत हे विचारून घ्या.

शुल्क भरण्यापूर्वीची तपासणी

१. पदवीचे पूर्ण नाव आणि पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव लिहून घ्या.
२. ते विद्यापीठ आयोगाच्या यादीत शोधा.
३. परिषदेचे या वर्षाचे मान्यतापत्र मागा. त्यात संस्थेचा पत्ता, अभ्यासक्रमाचे नाव आणि प्रवेश क्षमता असते. तिन्ही जुळतात का पाहा.
४. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांच्या यादीत हाच अभ्यासक्रम आहे का पाहा.
५. जो वर्ग भरणार आहे ती जागा आणि पत्रातला पत्ता एकच आहे का पाहा. "शाखा" किंवा "अभ्यास केंद्र" म्हटले असेल, तर विद्यापीठाला फोन करून विचारा.
६. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचे नाव दिसते का पाहा.
७. मगच शुल्क भरा आणि संस्थेच्या नावाची पावती घ्या.

पत्र दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच तुमचे उत्तर समजा.

प्रवेश आधीच घेतला असेल तर?

प्रथम संस्थेकडे लेखी विचारणा करा आणि पोचपावती घ्या. प्रवेश रद्द करायचा असेल, तर उशीर करू नका. तारीख पुढे जाते तशी परत मिळणारी रक्कम कमी होते. दाखला, गुणपत्रिका अशी मूळ कागदपत्रे संस्थेने अडवून ठेवू नयेत, असे आयोगाचे २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट निर्देश आहेत.

२०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. समितीच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

नेहमीचे प्रश्न

मागच्या वर्षी मान्यता होती. यंदा पुन्हा पाहावी का?
होय. एआयसीटीईची मान्यता वाढवून घ्यावी लागते आणि जागाही कमी-जास्त होतात. तुमच्या प्रवेश वर्षाचे पत्र पाहा.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागालाही एआयसीटीई लागते का?
कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वतःच्या विभागात तंत्रशिक्षण अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी पूर्वमान्यतेची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले आहे. मात्र परिषदेचे निकष त्यालाही पाळावे लागतात. संलग्न महाविद्यालयाला ही सूट नाही.

मला इंटरनेटवर हे शोधता येत नाही. काय करू?
जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात, सामान्य सेवा केंद्रात किंवा समाजकल्याण कार्यालयात जा. महाविद्यालयाचे आणि अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव लिहून न्या.

सूचना: योजनांच्या अटी आणि प्रवेशाच्या तारखा दरवर्षी बदलू शकतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित विभागाच्या चालू मार्गदर्शक सूचना अवश्य वाचा.