वाट चुकलेली कबुतरे

मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरच्या पिर पाव जेटीजवळ पोलिसांनी एक कबूतर ताब्यात घेतले. त्याच्या पायांत दोन कडी होती, एक तांब्याचे आणि एक अ‍ॅल्युमिनियमचे. पंखांच्या आतल्या बाजूला चिनी लिपीसारखी दिसणारी अक्षरे होती. हेरगिरीचा संशय आला, गुन्हा नोंदवला गेला, आणि पाखराची रवानगी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात झाली. तपासाअंती कळले की हे तैवानमधल्या शर्यतीतले कबूतर. तिथे कबुतरे बोटीवरून भर समुद्रात नेऊन सोडतात आणि ती किनाऱ्यावरच्या आपापल्या ढाबळीकडे परततात. अशा शर्यतींत पुष्कळ पाखरे परत येतच नाहीत. त्यांतलेच हे एक. आठ महिने अडकून पडल्यावर जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याला सोडून देण्यात आले.

तैवान ते मुंबई हे अंतर सुमारे ५,००० किलोमीटर. एवढे सगळे ते उडत आले असेल असे मला वाटत नाही. दमलेले पाखरू मालवाहू जहाजावर बसले असावे आणि जहाजाबरोबर बंदरात आले असावे, असा तर्क करता येतो. पण हा तर्कच.

युरोपात असे पाहुणे लोकांच्या परसात नेहमी उतरतात. कडे पाहिले की ते पाळीव आहे हे लगेच कळते. हे कडे बिनजोडाचे असते. पिल्लू आठवड्याभराचे असताना ते पायात सरकवतात. पुढे पंजा मोठा होतो आणि कडे निघू शकत नाही. त्यावर देश किंवा संस्थेची अक्षरे, जन्माचे वर्ष आणि क्रमांक असतो. म्हणजे पाखराचा जन्मदाखलाच त्याच्या पायात असतो. एरवी हे पाखरू म्हणजे आपल्या गच्चीवर घुमणाऱ्या पारव्याचाच भाऊबंद. जात एकच, फक्त पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढवलेली.

अशा चुकलेल्या कबुतरांची सर्वांत गाजलेली हकिकत २९ जून १९९७ ची आहे. ब्रिटनच्या कबूतर-शर्यत संघटनेच्या शताब्दीनिमित्त फ्रान्समधल्या नांत गावाहून सकाळी साडेसहाला साठ हजारांहून अधिक कबुतरे सोडण्यात आली. त्यांच्या ढाबळी इंग्लंडभर, साडेसहाशे ते आठशे किलोमीटरांवर होत्या. सरावलेल्या पाखरांना एका दिवसाचे काम. हवाही बरी होती. संध्याकाळपर्यंत ढाबळींसमोर मालक घड्याळ घेऊन बसले होते, पण आभाळ रिकामेच राहिले. पुढच्या काही दिवसांत काही हजार परतली. बाकीची गेली ती गेलीच.

हे का झाले, हे समजून घ्यायला आधी कबूतर घरी येते कसे, हे माहीत हवे. आणि खरी गंमत इथेच आहे. माणूस हजारो वर्षे कबुतरांकडून टपाल नेववत आला. १८५० मध्ये रॉयटरने आखेन आणि ब्रसेल्स यांमधली तारेची त्रुटी कबुतरांनी भरून काढली. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसला बाहेरची पत्रे कबुतरांनी पोचवली. पण हे काम ती कशी करतात, याचा नीट अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला.

जर्मनीतल्या गुस्टाव क्रामर यांनी १९५० च्या सुमारास दाखवले की पक्षी सूर्याचा होकायंत्रासारखा उपयोग करतात. सूर्य तर दिवसभर सरकतो; म्हणून शरीरातल्या घड्याळाशी मेळ घालून ते दिशा ओळखतात. पुढे क्लाउस श्मिट-क्योनिग यांनी याची सुंदर कसोटी घेतली. कबुतरांना कृत्रिम उजेडात ठेवून त्यांचे घड्याळ सहा तास पुढे नेले. आता सकाळी सहाला अशा कबुतराला वाटते की दुपारचे बारा वाजले. बाराला सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून समोर उगवलेल्या सूर्यालाच ते दक्षिण समजते. घर दक्षिणेला असेल तर ते पूर्वेकडे उडते. चूक बरोबर ९० अंशांची! हे गणित वर्गात जरूर घालावे, मात्र डिसेंबरात. मे महिन्यात आपल्याकडे भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मुले गोंधळतात.

पण होकायंत्र म्हणजे नकाशा नव्हे. डोळे बांधून तुम्हाला अनोळखी रानात सोडले आणि हातात होकायंत्र दिले, तर उत्तर कुठे ते कळेल. घर उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे कळणार नाही. हा भेद क्रामर यांनीच स्पष्ट मांडला. त्याचा पुढचा शोध मात्र त्यांच्या हातून व्हायचा नव्हता. १९५९ मध्ये इटलीतल्या कॅलाब्रियात रानपारव्यांची पिल्ले मिळवण्यासाठी ते कड्यावर चढले आणि कोसळून मरण पावले.

नकाशाचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या पाठीवर छोटे चुंबक बांधले. १९७१ मध्ये त्यांनी लिहिले की ढगाळ दिवशी अशी कबुतरे भरकटतात, ऊन असेल तेव्हा नाही. निष्कर्ष असा की सूर्य नसला तर पाखरे पृथ्वीच्या चुंबकत्वाकडे वळतात. हे अनेक पुस्तकांत गेले. पण पुढच्या आठ-नऊ वर्षांत कीटन यांनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये त्या नोंदी छापल्या गेल्या तेव्हा पहिल्यासारखा स्वच्छ परिणाम त्यांत दिसला नाही. पुस्तकांतला परिच्छेद मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. इटलीत पिसा येथे फ्लोरिआनो पापी यांनी १९७२ मध्ये वेगळाच मार्ग दाखवला. वास घेण्याची शक्ती काढून घेतलेली कबुतरे अनोळखी जागेवरून घरी येऊ शकत नव्हती. म्हणजे वाऱ्याने येणाऱ्या वासांचा नकाशा!

कीटन यांना एका जागेने छळले. कॉर्नेलपासून सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला जर्सी हिल नावाची टेकडी आहे. कॉर्नेलची कबुतरे तिथे सोडली की वाटेल त्या दिशेला उडत आणि बहुतेक परत येत नसत. जागाच वाईट म्हणावी, तर दुसऱ्या ढाबळींची कबुतरे त्याच टेकडीवरून नीट आपल्या घरी जात. आणि फक्त एका दिवशी, १३ ऑगस्ट १९६९ ला, कॉर्नेलचीही सरळ घराकडे गेली. का? १९८० मध्ये कीटन वारले, तोवर याचे उत्तर मिळाले नव्हते.

कीटन यांचे व्याख्यान ऐकलेला एक विद्यार्थी हे कोडे विसरला नाही. जॉन हॅगस्ट्रम पुढे पक्षितज्ज्ञ झाले नाहीत, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात भूभौतिकीचे काम करू लागले. १९९७ च्या शर्यतीची वार्ता वाचून त्यांच्या मनात आले की हा आवाजाचा मामला असावा. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकू येत नाही. कबुतराला ०.०५ हर्ट्झपर्यंतचा अवश्राव्य ध्वनी कळतो, हे १९७९ मध्ये प्रयोगाने दिसले होते. महासागरातल्या लाटांमुळे असा मंद ध्वनी सतत निर्माण होतो आणि शेकडो किलोमीटर जातो. जमिनीचा उंचसखलपणा त्याला ठिकठिकाणी वेगळे रूप देतो. आपल्या ढाबळीभोवतीच्या जमिनीचा हा ‘आवाज’ कबूतर दुरून ओळखत असेल तर?

मग त्या दिवशी काय घडले? अकराच्या सुमारास बहुतेक कबुतरे इंग्लिश खाडीवर असायला हवीत. त्याच वेळी पॅरिसहून न्यूयॉर्कला निघालेले कॉंकॉर्ड हे स्वनातीत विमान खाडीवरून ध्वनीपेक्षा अधिक वेग घेत होते. त्याच्या मागे पसरणाऱ्या आघात-तरंगाखाली ही सारी पाखरे सापडली असावीत, असे गणित हॅगस्ट्रम यांनी २००० मध्ये मांडले. कानच बधिर झाले तर घराची हाक ऐकू कशी येणार?

२०१३ मध्ये ते जर्सी हिलकडे वळले. त्या काळातल्या हवामानाच्या नोंदी घेऊन संगणकावर पाहिले, की कॉर्नेलच्या ढाबळीपासून निघालेला ध्वनी टेकडीपर्यंत पोचतो का. तापमान आणि वारे यांमुळे ध्वनीचा मार्ग वाकतो. एरवी जर्सी हिल ध्वनीच्या छायेत येत होती. १३ ऑगस्ट १९६९ ला हवेची स्थिती अशी होती की आवाज तिथे उतरत होता.

हे वाचताना मन डोलू लागते, पण सावध राहायला हवे. एका दिवसाचा मेळ बसला म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला असे नाही. १९७२ मध्येच हान्स वालराफ यांनी आतला कान काढलेली कबुतरेही घराची दिशा धरतात असे दाखवले होते. हॅगस्ट्रम व त्यांच्या सहकाऱ्याने त्या प्रयोगाचा वेगळा अर्थ लावला, पण वासाच्या बाजूचे शास्त्रज्ञ तो मानत नाहीत. चोचीतल्या लोहयुक्त पेशी म्हणजे चुंबकाचे इंद्रिय, ही समजूतही २०१२ मध्ये कोसळली. त्या रक्षक पेशी निघाल्या, चेतापेशी नव्हेत. माझे मत विचाराल तर कबूतर एकाच साधनावर विसंबत नसावे. २००४ मध्ये रोमजवळ ओळखीच्या प्रदेशात तर ती चक्क महामार्गांवरून उडताना आढळली!

तुमच्या परसात कडे घातलेले कबूतर उतरलेच, तर ते बहुधा फक्त दमलेले असते. मांजरापासून आडोसा, पसरट भांड्यात पाणी, मूठभर ज्वारी किंवा मका द्या, पाव नको. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. एक-दोन दिवसांत ते आपले आपण जाईल. पंख मोडला असेल तर पशुवैद्यांकडे न्या. आणि कड्यावरची अक्षरे व आकडे, तारीख आणि ते कोणत्या दिशेने आले वा गेले, एवढे मुलांकडून वहीत लिहून घ्या.